सही राहिलेला कागद

चष्मेवाल्यांनी तिच्या आईशी लग्न केलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला दुकानात नेलं, काउंटरवर बसवलं आणि दिसेल ती फ्रेम तिच्या नाकावर चढवून पाहिली. घरी परतताना ती त्यांना बाबा म्हणाली. तिला ते कुणी शिकवावं लागलं नाही. रीतसर दत्तक घ्यायचं मात्र राहूनच गेलं.

अठराव्या वर्षी ती काच घासायच्या यंत्रावर बसली आणि तिचा हात असा बसला की बाबांनी ते काम सोडूनच दिलं. गिऱ्हाइकं तिला काचवाली ताई म्हणू लागली. दोन-तीन स्थळं आली, गेली. मग आईने अंथरूण धरलं. चार वर्षं आईचं सगळं हिनेच केलं. आई गेली आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच उरली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, दुपारची जेवणं झाल्यावर, बाबांनी टाइप केलेला एक कागद टेबलावर ठेवला.

"वकिलाकडून मृत्युपत्र तयार करून आणलंय. दुकान, घर, सगळं तुला. उद्या दोन साक्षीदार बोलावतो आणि सही करून टाकतो."

तिने कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "आई जाऊन चार दिवस झाले नाहीत, आणि तुम्ही हे काय काढून बसलात?"

"अगं, माझी सत्तरी आली."

"येऊ दे. पुन्हा हा विषय काढलात तर मी अन्नाला शिवणार नाही."

बाबांनी कागदाची घडी करून ड्रॉवरमध्ये सारली. त्यांनाही सुटल्यासारखंच झालं असावं. पुढची नऊ वर्षं दोघांपैकी कुणीच त्या कागदाचं नाव काढलं नाही. एका सकाळी दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

आठवड्याने त्यांचा धाकटा भाऊ आला. दोघा भावांचं बोलणं वीस वर्षं बंद होतं. त्याने आवाज चढवला नाही. खुर्चीत नीट बसला, पाणी मागून घेतलं. तिने कागद पुढे केला. त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"सही कुठे आहे यावर?"

"राहिली, काका."

"मग याला काही अर्थ नाही."

"पण त्यांच्या मनात काय होतं, ते लिहिलंय ना यात."

"त्याच्या मनातलं मला कसं कळणार? दत्तकही घेतलं नाही त्याने तुला. कायद्याने वारस मीच. मी तुझ्या वाइटावर नाही, तीन महिने राहा, सोय बघ."

ती वकिलाकडे गेली. त्याला सगळं आठवत होतं. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम होतं हो."

तीन महिन्यांनी घर सोडताना तिने काकांकडे निदान ते घासायचं यंत्र मागितलं. दुकान आहे त्या सामानासकट विकलंय, असं उत्तर आलं.

सुरुवातीला तिचा सगळा राग काकांवर होता. पण त्यांनी कायद्याने मिळालं तेवढंच घेतलं होतं. मग ती बाबांवर चिडली. नंबरात जरा फरक वाटला तर गिऱ्हाइकाला तीनदा बोलावणारा माणूस, त्याला लेकीसाठी एक सही जमू नये? एवढं मनात येईतो ती दुपार आठवायची, स्वतःचे शब्द कानात वाजायचे आणि चिडायलाही कुणी उरायचं नाही. बाजारात जुनी गिऱ्हाइकं भेटली की म्हणत, "बाप असावा तर असा." ती मान डोलवायची आणि पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. मालक तिच्याहून वीस वर्षांनी लहान. त्याने यंत्र दाखवलं, कळ कुठली दाबायची ते दोनदा सांगितलं आणि स्वस्तातल्या काचांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"तुम्ही नवीन आहात, मावशी. महिनाभर यांच्यावर हात बसू दे. चांगल्या काचा नंतर देईन."

"बरं," ती म्हणाली आणि डब्यातली पहिली काच उचलली.