बांबूचं मशीन

बुटीबोरीच्या कापड कारखान्यात मला तीन वर्षं झाली होती. एका सकाळी मॅनेजरांनी बोलावून सांगितलं, "दिवाळीच्या चार सुट्ट्यांत जुनं रंगाईचं मशीन काढायचं आणि नवं बसवायचं. पाचव्या दिवशी कापड रंगून बाहेर आलं पाहिजे. हा प्रोजेक्ट तुम्ही सांभाळा."

त्यांच्या खोलीतून बाहेर पडले ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळतच उतरले. पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्या हाती आलं होतं!

आठ दिवस बसून मी मोठा तक्ता बनवला. कोणतं काम कधी सुरू होणार, कुणाचं काम कुणावर अडणार, सगळं रंगीत पट्ट्यांनी दाखवलं आणि भिंतीवर लावलं. सगळ्यांनी कौतुक केलं. फक्त आमचे हेडफिटर बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. हे गृहस्थ कामठीचे. तरुणपणी यंत्रमाग दुरुस्त करायचे, मग कारखान्यात आले. आता निवृत्तीला आले होते.

"मॅडम, मशीन आत कुठून येणार?"

"पुढच्या दरवाज्यातून. बॉयलरपाशी डावीकडे वळून."

"मोजलं?"

"दरवाजा मोजलाय. दीड फूट जागा उरते."

"अन् वळण?"

वळण मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

ते हसले नाहीत. त्यांनी बांबू मागवले आणि दुपारपर्यंत नव्या मशीनच्या लांबी-रुंदी-उंचीचा सांगाडा बांधला. सहा जणांनी तो खांद्यावर घेतला आणि आमची वरात निघाली. मी पुढे, मागे बांबूचं मशीन, त्याच्या मागे निम्मा कारखाना. दरवाज्यातून झोकात आत शिरलो. बॉयलरच्या वळणावर मात्र सांगाडा वाफेच्या पाइपात असा अडकला, की पुढेही जाईना आणि मागेही येईना. हशा पिकला. मीही हसले. पण ऐन सुट्टीत क्रेन दारात उभी असताना हे कळलं असतं तर?

वाफेचा पाइप हलवायचा म्हणजे सगळा कारखाना बंद. मग दुसरा रस्ता कोणता? आम्ही डोकं खाजवत असताना कॅन्टीन सांभाळणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या. तिथल्या सर्वांत जुन्या त्याच.

"काय करून राहिले वं हे सगळे?" त्यांनी मला विचारलं. मी अडचण सांगितली.

"मंग मागून काहून नाही आणत? जुनं मशीन मागूनच आलं होतं. माह्या कॅन्टीनच्या बाजूनं. तिथं मोठं शटर होतं, मंग विटा लावून बुजवलं."

हेडफिटरांनी कपाळावर हात मारला. "बापा! मले कसं नाही आठवलं?"

आम्ही सगळे धावतच मागच्या बाजूला गेलो. भिंतीच्या गिलाव्यातून शटरच्या चौकटीची कड उमटलेली दिसत होती. स्थापत्याच्या इंजिनिअरांनी तपासलं. विटांवर छताचा भार नव्हता, म्हणून त्यांनी होकार दिला. मी भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि पुन्हा केला. या वेळी टेबलाशी एकटीनं बसून नव्हे. वीजवाले, पायपिंगवाले, गवंडी, सगळ्यांना समोर बसवून एकच विचारलं, "तुम्हाला दुसऱ्याकडून काय हवं आणि कधी?" तासाभरात मला जे कळलं, ते आधीच्या आठ दिवसांत कळलं नव्हतं.

सुट्टीचा पहिला दिवस भिंत फोडण्यात आणि जुनं मशीन काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी क्रेन आलीच नाही, वाटेत बिघडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घाबरायला वेळच नव्हता. तिसऱ्या दिवसाचं केबल ओढायचं काम तेव्हाच सुरू करायला सांगितलं. कोणतं काम मशीनशिवाय पुढे सरकू शकतं, हे त्या बैठकीमुळे मला तोंडपाठ होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रेन आली. नवं मशीन खाली उतरलं आणि लोखंडी रोलरवरून इंचाइंचानं त्या भगदाडातून आत गेलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा होती. हेडफिटर एका बाजूनं ओरडत होते, "हळू गा, हळू!" दुसऱ्या बाजूनं मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होते. माझा आवाज बसला.

पाचव्या दिवशी दुपारी पहिला तागा बाहेर आला. हळदीसारखा पिवळा, एकसारखा, कुठे डाग नाही. मॅनेजरांनी माझं अभिनंदन केलं, तेव्हा माझा आवाज अजून बसलेलाच होता. मी नुसतं हेडफिटरांकडे आणि कॅन्टीनच्या बाईंकडे बोट दाखवलं. बाई पदराला हात पुसत पुढे आल्या, ताग्याचं टोक बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "रंग चांगला धरला. आता चला, सगळे जेवून घ्या. भात थंडा होऊन राहिला."