हेडमास्तर, मैत्रीण आणि किलोभर वाल

आमच्या कात्रपच्या घराची बेल दुपारी तीनला कुणी वाजवली तर मी दार उघडत नसे. धाकटी जाऊ वरच्या मजल्यावरून आधीच येऊन बसलेली असायची आणि आम्ही दोघी परदेशी पोरांची मालिका लावायचो. बर्फातलं गाव, तिथली शाळा, शाळेतली एक मुलगी बेपत्ता. सगळी पोरं पंधरा-सोळा वर्षांची आणि एकजात खोटारडी. आवाज हिंदीत दिलेले, त्यामुळे अडत काही नव्हतं.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, हेडमास्तरांनी पळवली. जाऊ म्हणाली, "ताई, तुम्हाला मास्तर म्हटलं की राग. तिची मैत्रीणच आहे. डोळे बघा ना, मांजरीसारखे." झालं, पैज लागली. हरेल तिने किलोभर मोडाचे कडवे वाल एकटीने सोलायचे आणि बिरडं करून दुसरीला वाढायचं. वाल सोललेत कधी? बोटं बुळबुळीत होतात, मान धरते, आणि ढीग आहे तेवढाच.

नेमका शेवटचा भाग हिंदीत मिळेना. दहावीतल्या नातीने फोनवर शोध शोध शोधला, तो सापडला कुर्दी भाषेत.

"हे कुठले ग लोक?"

"तुर्कस्तान, इराक, इराण, तिकडचे, आजी. फार बघतात ते ही मालिका."

खाली प्रतिक्रियांची रांग होती. फोन म्हणे भाषांतर करून देतो. नातीने वाचून दाखवलं. एकीने लिहिलं होतं, भाग संपल्याशिवाय आमच्या सासूबाई कुणाला जेवायला वाढत नाहीत. मालिका ना त्यांच्या मुलखातली ना आमच्या, पण ती सासू मला लगेच जवळची वाटली.

मग कुर्दीतच बघितला. एक शब्द कळला नाही. मुलगी सापडली, सगळे रडले, हेडमास्तर लांबलचक काहीतरी बोलले आणि पोलिसांनी त्यांना बेड्या घातल्या. मी जावेकडे नुसतं बघितलं.

"बोलले काय ते कुठे कळलं?" ती म्हणाली.

"बेड्यांना भाषा लागते का?"

नातीने मध्ये पडून खाली प्रश्न लिहिला, गुन्हेगार नक्की कोण? दोन दिवस उत्तर नाही. शेवटी जावेने निमूट वाल भिजत घातले.

मोड आल्यावर रविवारी सकाळी ती माझ्यासमोर सोलत बसली. मी चहा पीत, "हा बघ राहिला," म्हणत होते. तेवढ्यात नात माझ्या कानाशी वाकली. तिकडच्या एका बाईने उत्तर दिलं होतं. मुलगी मैत्रिणीनेच लपवली होती. ती मैत्रीण हेडमास्तरांची लेक निघाली, आणि तिला वाचवायला त्यांनी गुन्हा अंगावर घेतला.

"काय ग झालं?" जावेने विचारलं.

"हिच्या परीक्षेचं काहीतरी," मी म्हटलं. नातीला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुपारी बिरडं ताटात आलं, ओलं खोबरं, कोकम, वर कोथिंबीर. जावेच्या हाताला चव आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही. एक वाटी संपवली. दुसरी मागून घेतली, ती निम्मी झाली, तेव्हा सांगितलं.

तिच्या हातातला वाढायचा डाव हवेतच थांबला. "कधी कळलं तुम्हाला?"

"सकाळीच. निम्मे सोलायचे होते तेव्हा."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, पातेलं उचललं आणि जिन्याकडे निघाली. दारात वळून म्हणाली, "आज रात्री वाल भिजवा, ताई. दोन किलो."