बाहेरची कडी

मालकाने माझ्या पाठीत लोखंडी हँडल घातले, कारण माझा हात पुढच्या दाराला लागला होता.

बेळगावच्या कॅम्पातली सकाळ. निपाणीला जाणारी सर्व्हिस मोटार भरत होती. एका वकिलाची बायको पायरीवरून घसरली, तशी मी धावत जाऊन तिच्यासाठी दार धरले. तिला शिवलोही नाही. नुसते दार धरले. मागून हँडल आले. इंजिन फिरवायचे, हातभर लांब. मी गुडघ्यांवर पडलो. दुसरा घाव मानेखाली बसला. रक्त सदऱ्यातून कमरेपर्यंत उतरले.

"म्हारड्या, तुझं दार मागं हाय," मालक म्हणाला.

मग पुढच्या दारावर दोन बादल्या पाणी ओतले गेले. ते निथळेपर्यंत बाई थांबली आणि मग चढली.

माझे दार खरेच मागे होते. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हते, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. गॅसची तापलेली टाकी मोटारीच्या मागच्या अंगाला, आणि तिला लागून मागचे दार. आत बाकडे नाही, नुसता पत्रा. पुढच्या लोकांच्या आणि त्या खणाच्या मध्ये फळ्या ठोकलेल्या. दाराची कडी बाहेरून. आतून उघडायची सोयच केली नव्हती. ते दार महारामांगांचे. कडीवर माणूसही त्यांच्यातलाच हवा, नाहीतर त्यांना हात देऊन वर कोण घेणार? म्हणून मला क्लीनरची नोकरी मिळाली. मला तिचा अभिमान होता. लिहिताना लाज वाटते, पण होता.

तवंदीच्या घाटात गॅसवरची मोटार दमायची. मग रीत ठरलेली. मागच्यांनी उतरून ढकलायचे. पुढच्यांनी बसून राहायचे. चढ संपला की मोटार थांबवायची नाही, थांबली तर पुन्हा उठत नाही. मागच्यांनी पळत येऊन माझा हात धरून चढायचे. ज्याला जमले नाही त्याने निपाणीपर्यंत चालायचे.

त्या दिवशी मागे तंबाखूच्या वखारीतले चार गडी होते आणि कंग्राळीची एक बाई, कडेवर तान्हे पोर. घाटात मोटार अडली. मी चाकामागे लाकडी ठोकळा लावला आणि कडी काढली.

"दादा, लेकराला कुठं ठिवू?" तिने विचारले.

"आतच ठेव की. पळून जातंय व्हय ते?"

हे मी म्हणालो. माझी पाठ पेटली होती आणि ती आग कुणावर तरी काढायची होती. मी त्या सगळ्यांना शिव्या घातल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला लाथ मारली. पुढच्या खिडकीतून कुणीतरी मालकाला म्हणाले, कोळसा कशाला जाळताय, मागचे बैल हाईत की. मोटार हसली. मीही हसलो.

माथा आला. इंजिनाने जोर धरला, मी ठोकळा उचलून मागच्या पायरीवर चढलो. गडी धापा टाकत मागे राहिले. ती एकटी पळत आली. मालक पुढून ओरडला की दार लाव, थांबायचे नाही. नेहमी मी हात देत असे. त्या दिवशी मी कडी घातली.

तिने पायरी धरली. पाय खडीवर फरफटत होते.

"दादा, लेकरू आत हाय."

ती किंचाळली नाही. तेवढा दम तिच्यात उरला नव्हता.

मी ठोकळा तिच्या बोटांवर मारला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी हाड मोडलेले ऐकू आले. ती पडली आणि गडगडत गेली.

आत पोर रडू लागले. मी पत्र्यावर थाप मारली. थांबायची खूण. मोटार थांबली नाही. फळ्यांपलीकडून मालकाचा आवाज आला, "रडू दे. निपाणीत चौकीवर ठिवू."

सकाळी त्याने मला मारले होते. आता मी तिला मारले. त्याचा मार तिच्यापर्यंत मीच पोचवला होता, मधे दुसरे कोणीच नव्हते.

मी गॅसच्या टाकीचे खालचे झाकण उघड्या हाताने धरले. कातडी चिकटली. तरी ओढले. हवा आत घुसली, ज्वाळ बाहेर आली, इंजिनाने आचके दिले आणि ते मेले. ज्या टाकीच्या जोरावर पुढचे बसले होते, ती रोज माझ्या हाताखाली होती. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात हे आले नव्हते.

मालक हँडल घेऊन धावत आला. पहिला घाव मी खांद्यावर घेतला. दुसऱ्याला हँडल हिसकले आणि त्याच्या कोपरावर घातले. मग जबड्यावर. तो पडला, तरी आणखी एक घातला. ड्रायव्हर मध्ये पडला नाही. मग कडी. खिळ्यांतून निखळेपर्यंत मी तिला ठेचत राहिलो. दार उघडून पोर बाहेर काढले.

बाई चालत आली. मोडलेला हात छातीशी धरला होता. दुसऱ्या हाताने तिने पोर घेतले.

"आक्का, पुढच्या दारानं चढ," मी म्हणालो. "कोण अडिवतोय बघतो."

तिने माझ्याकडे बघितले.

"मघाशी बी तूच हुतास."

आणि ती निपाणीकडे चालू लागली. चारही गडी तिच्यामागे गेले.

मला तुरुंग झाला. मालकाचा हात वाकडाच राहिला, त्याचे मला दुःख नाही. सुटल्यावर मी कंग्राळीला गेलो. तिला आता खुरपे धरता येत नाही, असे शेजाऱ्यांनी सांगितले. तिने दार उघडले नाही. बरोबर केले.

आता मी मोटारीत पुढच्या दाराने चढतो. आधी मागे जाऊन कडी बघतो. बाहेरून असली तर मोडतो. अडवायला येणाऱ्याने यावे, हँडल कुठे ठेवतात ते मला ठाऊक आहे. आणि त्या दारावर आपल्यातला जो कोणी उभा असेल, त्याला सांगतो. हात दे, नाहीतर खाली उतर. ठोकळा उचललास, तर मालकाच्या आधी मी तुझ्याकडे येईन.