रुळाला लावलेला डोळा

"आधी आडवं व्हा, मग बोला!"

असं म्हणून आमच्या रेल्वे गँगचे मेट भर उन्हात खडीवर पोटावर झोपायचे, गाल रुळाच्या अगदी जवळ न्यायचे आणि एक डोळा मिटून लांबवर बघत राहायचे. उजवा हात हवेत. पन्नास पावलांवर आठ गँगमन रुळाखाली पहारी खुपसून उभे. हात डावीकडे हलला की सगळ्यांनी जोर लावून रूळ डावीकडे सरकवायचा, उजवीकडे हलला की उजवीकडे. पंजा उघडून वर गेला की थांबायचं.

"बस! सीधो!"

मेट तलासरीच्या वेवजीचे, गुजरातची हद्द घरापासून हाकेच्या अंतरावर. बोलायचे मराठीतच, पण खूश झाले की गुजराती शब्द बाहेर पडायचा. रूळ सरळ झाला की 'सीधो'. आणि त्यांचा रूळ सरळच असायचा, त्यात वादच नाही.

गाडीच्या खिडकीतून असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. काय निवांत झोपलाय, असं वाटलंही असेल. मी तर पहिल्याच आठवड्यात साहेबांसमोर मोठ्यांदा विचारलं होतं, "हा कोण झोपलाय कामावर?" अख्खी गँग खो खो हसली. मी डहाणूच्या कार्यालयातली नवी क्लार्क, मला काय ठाऊक की गँगचा प्रमुख, म्हणजे मेट, झोपूनच काम करतो! त्यानंतर चार-पाच वर्षं मला बघितलं की ते विचारायचे, "मॅडम, आज झोपू का उभाच राहू?"

शाळेत असताना एनसीसीत मी बंदूक चालवली होती. ती खाज जाईना म्हणून रविवारी एका रायफल क्लबात जायचे. एकदा माझा नेमबाजीचा कागद टेबलावर पडला होता. हजेरीचे तक्ते द्यायला आलेल्या मेटनी तो उचलला.

"हे काय वो मॅडम? चाळणी केलीत कागदाची."

मी ऐटीत समजावलं. पोटावर झोपायचं, श्वास धरायचा, पन्नास मीटरवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा.

"आडवं होऊन नेम धरायचा खेळ हाय?"

"हो."

"मग तो माझाच खेळ हाय की! तुम्ही तिथे काय करता?"

पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मेट क्लबात हजर. वय अठ्ठावन्न.

क्लबचे शिक्षक फौजेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांनी मेटना नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "जेवता कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"मग रायफल उजव्या खांद्याला."

संपलं. उस्तादांपुढे बोलायची सोय नव्हती. मेट वर्षभर उजव्या खांद्याने मारत राहिले. नेम बरा होता, पण नुसताच बरा. एक गोळी मध्यात, दुसरी कुठेतरी काठाला. रूळ केसाच्या फरकाने वाकडा झालेला ज्याला दिसतो, त्याला तो काळा ठिपका नीट का दिसत नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यांच्याही नाही. कागद हातात घेऊन म्हणायचे, "डोळा खोटं बोलतोय माझा."

त्यात तीनशे मीटरचं वेड लागलं. क्लब लांब पल्ल्याची एक रायफल मागवणार, आणि राज्य स्पर्धेला ती घेऊन दोघंजण जाणार, असं ठरलं. झालं! मेटच्या फोनवर दिवसरात्र रायफलींचे व्हिडिओ. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला आणि माझ्या टेबलावर व्याख्यान सुरू. नळी किती लांब, दस्ता लाकडी का धातूचा, गोळी किती वजनाची. मला भाकरीचा घास गिळू देईनात.

"मॅडम, मला एकदा तीनशे मीटरवर मारायचंय. स्पर्धेत. एकदाच. पुढच्या वर्षी रिटायर होतोय, मग वेवजीला कोंबड्याच राखायच्या हायत."

हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मी थट्टा करायची विसरले.

वाद होता तो कॅलिबरचा, म्हणजे गोळी किती जाड घ्यायची याचा. उस्तादांचं मत ठरलेलं: थ्री-नॉट-एट. जाड, वजनदार गोळी, नळी वर्षानुवर्षं टिकते, काडतुसं मिळतात. मेटचा जीव मात्र साडेसहा मिलिमीटरवर.

"चिंचणीच्या बंदरात बघितलंय ना तुम्ही? रुंद होडी वाऱ्याने सरकते. लांबट, निमुळती होडी कापत जाते. साडेसहाची गोळी तशी हाय. आणि धक्का कमी."

धक्का कमी, हे ते जरा हळूच बोलले. तेव्हा मला कळलं नाही. नंतर त्यांच्या गँगमधल्या एकाने सांगितलं, की फार पूर्वी पहार निसटून मेटच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. उस्तादांना सांगितलं तर घरी बसवतील, म्हणून हा माणूस वर्षभर गप्प!

शेवटी उस्ताद आम्हा सहा जणांना मोठ्या रेंजवर घेऊन गेले. ओळखीच्या नेमबाजांनी दोन्ही रायफली दिल्या होत्या. दोन्ही मारून बघायच्या. ज्या दोघांचे कागद सर्वांत चांगले, ते स्पर्धेला जाणार, आणि त्यांना जमेल तीच रायफल मागवायची. उस्तादांनी बजावलं, "मारताना हात वर करायचा नाही. हात वर म्हणजे रायफल बिघडली. पंच धावत येतो."

काय सांगू, तीनशे मीटर म्हणजे काय ते तिथे झोपल्यावर कळतं. मधे नुसतं गवत आणि वाऱ्याचे झेंडे. मेट म्हणाले, "चिंचणीला वाळत घातलेले बोंबील बघून वारा कळतो. इथे बोंबील नायत, झेंड्यावर भागवू." मी अजून ठिपकाच शोधत होते आणि ह्यांना बोंबील आठवत होते.

पहिली थ्री-नॉट-एट. मी मारली, खांदा शेकून निघाला. मेटनी तीन गोळ्या मारल्या आणि उठून बसले. चेहरा पांढराफटक. दुर्बिणीतून कागद बघितला तर एक गोळी कागदावरच नव्हती.

"वय झालं वाटतं," उस्ताद म्हणाले. वाईट मनाने नाही, पण म्हणाले.

मेटनी रायफल खाली ठेवली. बाजूला गवतावर जाऊन पोटावर पडले, रायफलीशिवाय, आणि तीनशे मीटरवरच्या त्या ठिपक्याकडे नुसते बघत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्याकडे बघवेना. तरी बघितलं. आणि बघितलं म्हणून दिसलं. त्यांचा उजवा हात सवयीने हवेत उठला होता. आणि मिटलेला डोळा उजवा होता.

"मेट! उजवा डोळा का मिटलाय?"

"मग? तो हाताच्या आड येतो ना."

"कुठल्या हाताच्या?"

त्यांनी आपल्या वर उठलेल्या हाताकडे बघितलं. समोर गँग नव्हती, रूळ नव्हता, पहारी नव्हत्या. तीस वर्षं गँगला इशारा करायला उजवा हात वर, म्हणून रुळाला डावा डोळा. हे त्यांनाच ठाऊक नव्हतं! आणि मी, मी तर वर्षानुवर्षं बघत होते, मलाही दिसलं नव्हतं. स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला मी.

"उस्ताद!" मी ओरडलेच. "ह्यांना डाव्या खांद्याने मारू द्या! आणि साडेसहा द्या!"

"गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे आहे."

"असू दे की," मेट उठत म्हणाले. "उजवा हात माझा मोकळाच असतो."

उस्तादांना हसू आलं. साडेसहाच्या दस्त्याचा गालाखालचा तुकडा त्यांनी स्वतः डाव्या गालासाठी फिरवून दिला.

मेट आडवे झाले. रायफल डाव्या, धडधाकट खांद्याला. डावा डोळा उघडा. आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला चटईवरचा म्हातारा दिसलाच नाही. रुळावरचे मेट दिसले. एक गोळी. उजव्या हाताने बोल्ट मागे, पुढे. वारा थांबून झेंडा पडेपर्यंत थांबले. दुसरी. तिसरी. दुर्बीण माझ्या हातात होती. मध्यात! परत मध्यात! मी मोजायचं विसरले.

दहावी गोळी सुटली आणि मेटचा उजवा पंजा सरळ हवेत.

रेंजवरचा पंच धावत आला. "काय झालं? रायफल अडकली?"

"नाय वो साहेब," मेट झोपूनच म्हणाले. "सीधो!"

कागद आला तेव्हा उस्तादांनी त्यावर आपला तळहात ठेवला. दहाच्या दहा भोकं हाताखाली झाकली गेली. मग त्यांनी मागणीचा अर्ज काढला आणि लिहिलं: साडेसहा मिलिमीटर, दस्ता दोन्ही गालांना चालणारा. स्पर्धकांच्या रकान्यात मेटचं नाव पहिलं, माझं दुसरं. परत येताना मेटनी सगळ्यांना वाणगावला उतरवून भजी खायला घातली आणि दुकानदारालाही तो कागद दाखवला.

रायफल यायला वर्षाच्या वर लागलं. मेट रिटायर झाले, वेवजीला गेले. दर सोमवारी फोन यायचा. "आली का वो मॅडम?" मी म्हणायचे, "आली की तुम्हालाच आधी." पावसाळ्यात एका सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी त्यांच्या मुलाचा आला. कोंबड्यांना दाणे टाकताना अंगणात कोसळले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

रायफल दिवाळीनंतर आली.

स्पर्धेला मी एकटीच गेले. दुसरं नाव लावू का, असं उस्तादांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं, आणि त्यांनीही आग्रह केला नाही. चटईवर झोपले, गालाखालचा तुकडा उजवीकडे फिरवून घेतला. झेंडे हलत होते. इथे त्यांना असायला हवं होतं, दुसरं काही मनात येईना. मग एकेक गोळी मारत गेले, झेंडा पडेपर्यंत थांबत.

शेवटची गोळी सुटली. मध्यात लागली, हे दुर्बिणीत न बघताच कळलं मला.

पंच धावत माझ्याकडे का येतोय, हे आधी समजेना. मग वर बघितलं. माझा उजवा हात हवेत होता, पंजा उघडा.

"मॅडम, काय झालं? काही बिघडलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "सीधो."