हेडफोन कशाला?

एक्स-रेवाल्या काकूंची अख्खी नोकरी लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगण्यात गेली. दवाखान्यात भलेभले त्यांचं ऐकायचे. घरी मात्र नवरा आणि लेक या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे, तेही कान मोकळे असले तर.

पन्नाशी उलटल्यावर काकू बास गिटार शिकू लागल्या आणि तिच्यासाठी कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला संच, घ्यायला दुकानात गेल्या. दुकानदाराने बिस्किटाच्या डब्याएवढा एक पुढे सरकवला.

"नवशिक्यांना हाच बरा. हेडफोन लावला की घरात कुणाला ऐकू जात नाही."

"घरात माझं तसंही कुणी ऐकत नाही," काकू म्हणाल्या. "त्यासाठी वेगळं यंत्र कशाला? तो कोपऱ्यातला धटिंगण दाखवा."

संध्याकाळी त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली. मांडणीतली भांडी थरथरली, नवऱ्याचा चष्मा नाकावरून घसरला आणि लेक साबणाच्या तोंडाने न्हाणीघरातून धावत आली.

"काय झालं?" दोघांनी एका सुरात विचारलं.

"श्वास रोखा," काकू म्हणाल्या. "हलू नका."

आणि दोघंही मुकाट उभे राहिले.