आमच्या गॅलरीतलं परक्यांचं भांडण

दोन बडे देश तिसऱ्याच्या अंगणात कसे लढतात, हे टीव्हीवर नकाशा लावून समजावतात. मला नकाशा लागत नाही. आमच्या लालबागच्या चाळीची गॅलरी पुरते.

चाळ रिडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा दोन बिल्डर मागे लागले. आपसात ते कधी वावगं बोलले नाहीत. बोलायला आम्ही होतो. मी एकाच्या बाजूने, शेजारची वहिनी दुसऱ्याच्या. संक्रांतीला चाळीचं हळदीकुंकू एकच असायचं. त्या वर्षी एकाच गॅलरीत, एकाच संध्याकाळी दोन झाली. आमच्या टोकाला वाण म्हणून डबे, तिच्या टोकाला कढया. सगळं बिल्डरांकडून.

"काय गं, डब्यात काय भरलंय? आश्वासनं?" वहिनीने जिन्यापाशी गाठलं.

"कढईवर झाकण नाही दिलं का त्यांनी? तुझ्या तोंडालाही चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीची किल्ली माझ्या उंबऱ्यावर पडलेली होती. ती कायम वहिनीच्या खिळ्यावर असायची. कारण मी ऑफिसात असताना सासूबाईंना दुपारचं इन्सुलिन वहिनीच टोचायची. सासूबाईंना इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे दिसत नाहीत. मी रजा काढत राहिले. रजा संपल्यावर त्यांनी एकदा अंदाजाने टोचून घेतलं आणि चक्कर येऊन मोरीत बसल्या.

त्याच आठवड्यात, लोअर परळला ऑफिसजवळच्या हॉटेलात, दोन्ही बिल्डरांची माणसं मला एकाच टेबलावर जेवताना दिसली. आमच्याकडे येणारीच.

"तुम्ही दोघं एकत्र?" मी सरळ विचारलं.

"मॅडम, वरळीच्या साइटवर आम्ही पार्टनर आहोत ना!"

घरी पोचल्यावर पर्स न ठेवता वहिनीकडे गेले.

"तुझा माणूस माझ्या माणसाच्या ताटातली भाजी खातो."

"खोटं."

"मग दोन्ही बिल्डरांना बोलाव. इथे, सगळ्यांसमोर. आपण गप्प बसायचं."

वहिनीने दारातून डोकावून आमच्या खोलीकडे, सासूबाईंच्या दिशेने पाहिलं. "आणि काकी कशा आहेत?"

रविवारी दुपारी दोन्ही बिल्डर स्वतः आले. गॅलरीत समोरासमोर खुर्च्या मांडल्या. "आता एकमेकांशी बोला," वहिनी म्हणाली. "कोण किती जागा देणार, कधी देणार. लेखी." दोघेही आमच्याकडे बघत राहिले. आम्ही हललो नाही. शेवटी एकाने घसा खाकरून दुसऱ्याचा आकडा खोडला, दुसऱ्याने त्याचा. चाळ ऐकत होती.

ऐन रंगात वहिनी घड्याळ बघून उठली, सासूबाईंच्या इन्सुलिनची वेळ झाली होती.

"मी टोचते गं, मी घरीच आहे," मी म्हटलं.

"तू टोचलंस की त्यांना दुखतं. किल्ली दे, उद्यापासून लागेल."