शिडी रेषेबाहेर येते

रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला सगळे शिडीच म्हणत. वरच्या दोरीवरच्या चादरी स्टूल न घेता काढणारी ती एकटीच. उंचीमुळे तिला कामगारांच्या बास्केटबॉल संघात घेतलं आणि रिंगखाली उभं केलं. पुढे धाकटी जाऊ घरात आली, धुलाईघरात आली आणि संघातही शिरली. बुटकी, चपळ, जिभेला हाड नसलेली. घरी दोघींचं उठता-बसता वाजायचं, मैदानावर मात्र एकमेकींवाचून पान हलायचं नाही. धाकटी चेंडू घेऊन निघाली की शिडी भिंतीसारखी उभी राहून तिच्या मागावरच्या खेळाडूची वाट अडवायची, आणि मग दोघी रिंगकडे धावायच्या.

अंतिम सामन्यात ही चाल फसली. समोरच्यांची धिप्पाड खेळाडू रिंगखालून हलेना. त्यात शिडी आत धावली की आतली गर्दी वाढायची आणि धाकटीला शिरायला फटच उरायची नाही. धडकून धडकून तिचा ओठ फुटला.

मध्यंतरात प्रशिक्षकबाईंनी शिडीला बाजूला घेतलं. अडवून झालं की आत जायचं नाही, तीन गुणांच्या रेषेबाहेर सरायचं आणि तिथूनच चेंडू टाकायचा. लांबून शिडी चेंडू टाकायची ती सरावानंतर, कोणी बघत नसताना.

"चुकला तर?"

"चुकू दे. त्या धिप्पाडबाईला तुझी धास्ती बसली पाहिजे."

पहिला चेंडू रिंगवर आदळून उडाला. दुसरा रिंगला शिवलासुद्धा नाही. प्रेक्षकांत बसलेल्या नवऱ्याने मान खाली घातली. आता धाकटी तोंड सोडणार, असं शिडीला वाटलं. पण ती ओठावरचं रक्त पुसत एवढंच म्हणाली, "जाऊबाई, परत तिथेच उभ्या राहा."

तिसरा आत गेला. त्याच्या पुढचाही. धिप्पाडबाई आता पुढे यावं की मागे राहावं, अशा पेचात पडली.

शेवटचे काही क्षण उरले, संघ एका गुणाने मागे. शिडीने वाट अडवली, बाहेर सरली, हात पुढे केले. धाकटीने तिच्याकडे पाहिलं मात्र, धिप्पाडबाई रिंग सोडून शिडीच्या अंगावर धावली. रिंगखाली चिटपाखरू उरलं नाही. धाकटी वाकून आत घुसली आणि तिने चेंडू अलगद रिंगमध्ये सोडला.

शिट्टी वाजली. लोकांनी धाकटीला खांद्यावर घेतलं. शिडीचे हात अजून चेंडूसाठी पुढेच होते.

"मी बाहेर यायला नको होतं," धिप्पाडबाई धापा टाकत म्हणाली.

"नसतीस आलीस, तर मी टाकला असता," शिडी म्हणाली.